शिंगाळ्याच्या काट्याला दात असतात

जुना आहे मी, मित्रांनो, आणि पितळेचा आहे. माझ्या अंगावर हिरवट डाग पडलेत, कारण मालवणचा खारा वारा कुणालाच सोडत नाही. शाळेतल्या पुस्तकात माझं नाव सूक्ष्मदर्शक असं छापलेलं असतं. गावात मात्र मला सगळे दुर्बीणच म्हणत आले. मी कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर आधी काहीतरी वाटावं लागतं आणि पितळेला काही वाटत नाही. माझ्यासमोर ठेवलेली वस्तू मोठी करून दाखवायची, एवढंच माझं काम. माझी हकीगतही मी तशीच सांगणार आहे. रडूबिडू आलं तर ते तुमचं तुम्ही बघा.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराने माझी तीन भिंगं घासली. तो घासायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. पुढे मी एका बोटीवरच्या डॉक्टरांच्या पेटीत राहिलो. रक्त, थुंकी, पिण्याचं पाणी, जे समोर येईल ते दाखवलं. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कंपाउंडरला देऊन टाकलं. त्याचं नाव कॉन्स्टान्सियो. तो मूळचा मालवणचा. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट १९५३ साली मालवण बंदरात थांबली, तेव्हा मला मांडीवर घेऊन तो होडीतून किनाऱ्याला उतरला आणि त्याने मला आपल्या धाकट्या भावाच्या स्वाधीन केलं. हा भाऊ म्हणजे शाळेत शिकवणारे कॉस्मे मास्तर.

मास्तरांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. दर रविवारी चर्चमधून परत आले की ते माझी पेटी उघडत आणि खालचा आरसा फिरवून ऊन आत घेत. मग बघायला सगळी गल्ली लोटायची! एकदा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, म्होरके तुकाराम तांडेल आले. त्यांनी मला सरळ उचलून पडवीत नेलं, समुद्राकडे रोखलं आणि कितीतरी वेळ एक डोळा मिटून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमच्या दुर्बिणीत काळोख पडलोहा. मासळी खंय गेली?" मास्तर हसले नाहीत. त्यांनी तांडेलांना आत आणून मिठाचा एक खडा दाखवला. बारीकसा चौकोनी वाडाच जणू, आरपार चकचकीत. तांडेल बराच वेळ बघत राहिले आणि जाताना मीठ परत द्यायला विसरले.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! कांद्याचा पापुद्रा पाहिला, त्यात विटा रचल्यासारख्या ओळी होत्या. जास्वंदीचे पराग पाहिले, ते काटेरी चेंडू निघाले. किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू ठेवली तर अर्धी वाळू आणि अर्धे शंख. डासाचा पाय दाखवला तेव्हा मास्तरांची मुलगी कार्मेलिना किंचाळून पळाली. मग मास्तरांच्या मिशीचा केस ठेवला, तेव्हा ती परत आली.

या गर्दीत सगळ्यांत पुढे असायची सुगंधा. तिची आई काशीबाई बाजारात मासे विकायची. सुगंधा सातवीत, कार्मेलिनाच्याच वर्गात. ती कधी रिकाम्या हाताने आली नाही. पानात गुंडाळून बांगड्याचं खवलं आणायची, मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, कातडीचा तुकडा आणायची. मोरीच्या कातडीवर बारीक दात उगवलेले असतात हे तुम्हांला माहीत होतं का? सुगंधाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं. पहिल्या बाकावर उभी राहून सांगितलं म्हणे. पूर्वी ती वर्गात तोंडही उघडत नसे. माझ्यातून बघायला लागल्यापासून तिला कंठ फुटला, असं मास्तर म्हणायचे.

आता तिच्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे.

शिंगाळा नावाचा मासा असतो. त्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. रापण ओढून वर आली की आधी शिंगाळ्याचे काटे मोडायचे, मगच त्याला पाटीत टाकायचं, अशी इथली रीत. तो काटा हाताला लागला तर दांडगे गडीसुद्धा वाळूत लोळतात. पण सुगंधाला काटा लागतच नाही, असं किनाऱ्यावर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. लागला तरी ती हूं की चूं करायची नाही. बायका शिंगाळे वेगळे काढून तिच्यापुढे सारायच्या आणि तुझा हात माका दी गो, म्हणून तिची थट्टा करायच्या. काशीबाई तर बाजारात बसून सांगायची की माझ्या चेडवाच्या हाताला देवीचा आशीर्वाद आहे. त्या हातावर मनगटाखाली एक फिकट चट्टा होता. खाऱ्या पाण्याने आला असेल, असं म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

एका रविवारी सुगंधा शिंगाळ्याचा काटाच घेऊन आली. मास्तरांनी तो माझ्या सगळ्यांत लहान भिंगाखाली ठेवला. काट्याच्या दोन्ही कडांना दात होते, एकामागे एक, आणि सगळे मागे वळलेले. करवत, असं कार्मेलिना म्हणाली. म्हणजे काटा आत शिरताना सोपा, बाहेर निघताना मात्र मांस ओरबाडत येणार.

सुगंधाचा डोळा माझ्या नळीला चिकटलेला होता आणि उजवा हात माझ्या बाजूच्या स्क्रूवर. त्या स्क्रूवर कसलासा ओला डाग पडलेला मास्तरांच्या बायकोने पाहिला. डोरथीबाय त्यांचं नाव. त्यांनी सुगंधाचा हात उलटा केला. तळव्यात तसल्याच काट्याचं एक टोक रुतून बसलं होतं आणि भोवती पू झाला होता. त्यांनी माझ्या पेटीतला चिमटा घेतला आणि टोक धरून ओढलं. ते सहज येईना. त्यांनी पुन्हा ओढलं. रक्त आलं. आणि या सगळ्या वेळात, मित्रांनो, सुगंधा माझ्यातून बघतच होती. मास्तरांना विचारत होती, भिंग अजून खाली घेऊ का?

डोरथीबायचा हात थांबला.

"तुका दुखणा नाय गो?" त्यांनी विचारलं.

सुगंधाने डोळाही वर केला नाही. म्हणाली, "खंय?"

 डोरथीबायच्या माहेरी, गोव्याला, त्यांच्या एका काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी चट्टा, मग तिथलं कातडं बधिर आणि मग बोटं वाकडी. त्यांनी जखम धुऊन बांधली आणि संध्याकाळी काशीबाईला बोलावून घेतलं. महारोग हे नाव त्यांनी फार हळू उच्चारलं. सुगंधाला डॉक्टरकडे ने, औषध आहे, लवकर गेलं तर हात वाचेल, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

काशीबाईने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तुमका हात जोडतंय, ह्या खंय बोला नको. बाजारात कळला तर माझ्या पाटीकडे कुत्रोसुद्धा येवचो नाय."

ते खरंच होतं. मग काशीबाईच म्हणाली की तुमच्या दुर्बिणीत बघा. त्यात कीड दिसली तर मी मानेन.

मास्तर नको म्हणत होते. पण तिच्या समाधानासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी उन्हात चट्ट्यावरचं थोडं कातडं खरवडलं आणि माझ्याखाली ठेवलं. मी दाखवलं ते एवढंच, मेलेल्या कातडीचे पापुद्रे. मास्तरांनी तिन्ही भिंगं लावून पाहिली. दिसत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, असंही त्यांनी सांगून पाहिलं. ते वाक्य काशीबाईने ऐकलंच नाही. तिने मला नमस्कार केला, अंगणातली जास्वंद तोडून आणली आणि माझ्यावर वाहिली. फूल माझ्या आरशावर पडलं. मला काही वाटलं नाही.

त्यानंतर काशीबाईने सुगंधाला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. सुगंधा शाळेत जात होती, किनाऱ्यावर शिंगाळे मोडत होती. बातम्या कार्मेलिना आणायची. सुगंधाचा हात चुलीवरच्या तव्याला लागला आणि वास आल्यावर तिला कळलं. तिची करंगळी सरळ होत नाही. तिच्या हातातून टाक निसटतो म्हणून ती आता फळ्यावर लिहायला उठत नाही. पहिल्या बाकावरून ती मागे जाऊन बसली, हे कार्मेलिनाने सगळ्यांत शेवटी सांगितलं आणि त्या रात्री ती स्वतः जेवलीच नाही.

पावसाळा संपता संपता एका रविवारी दारात गडबड झाली. सुगंधा डाव्या हाताने आईचा पदर धरून तिला ओढत आणत होती. काशीबाई रागाने बडबडत होती, पाटी तशीच पडली आहे, मासे नासतील. सुगंधाने कुणाला काही विचारलं नाही. पेटी उघडून मला बाहेर काढलं, आरसा उन्हाकडे फिरवला आणि पानातून आणलेला शिंगाळ्याचा ताजा काटा माझ्याखाली ठेवला. तिच्या वाकड्या बोटांना स्क्रू धरता येईना. शेवटी तो तिने डाव्या हाताने फिरवला.

काशीबाईने माझ्यातून याआधी कधी स्वतः बघितलं नव्हतं. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग सुगंधाने तिचं डोकं धरून नीट केलं. काशीबाई बघत राहिली. तिची बडबड थांबली. बघता बघता तिचा एक हात आपोआप दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली गेला. तिथे जुना वण होता. लग्न होऊन आली त्या वर्षी शिंगाळा लागला होता तिला, आणि सगळी आळी गोळा होईपर्यंत ती ओरडली होती. हे तिनेच नंतर सांगितलं.

डोळा न उचलता तिने विचारलं, "ह्यो तुझ्या हातात गेलो?"

"कितीदा तरी गेलो, आये."

"आणि तुका..."

"माका काय एक कळाक नाय. सगळी शाबास म्हणत, माका बरा वाटायचा." सुगंधाचा आवाज अगदी सपाट होता. "आता माका भय वाटता."

काशीबाई टेबलाजवळच खाली बसली. डोरथीबायने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. रडली नाही. मग तिने विचारलं की डॉक्टरकडे जायला एस. टी. कुठून सुटते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, सुगंधाने सांगितलेलं सांगतो. सरकारी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि हातावरून पीस फिरवलं. मग एक गरम आणि एक गार नळी लावली आणि कुठली कुठली ते विचारलं. चट्ट्यावर तिला दोन्ही सारख्याच. काशीबाईने त्यांना विचारलं, मास्तरांच्या दुर्बिणीत कीड का नाही दिसली? ते म्हणाले, ते जंतू खास रंग दिल्याशिवाय दिसत नाहीत आणि या प्रकारात पुष्कळदा रंग देऊनही दिसत नाहीत. गोळ्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं. बोटं आणखी वाकणार नाहीत. गेलेली जाणीव मात्र परत येणार नाही. घरातल्यांनी घाबरून तिला वेगळं काढायचं कारण नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

बाजारात कळलंच. काशीबाईच्या पाटीकडे खरोखरच कुणी फिरकेना. डोरथीबाय मात्र रोज सगळ्यांच्या देखत तिच्याकडून मासे घेत आणि मुद्दाम मोठ्याने भाव करत. पण एका घराच्या कालवणावर दुसरं घर चालत नाही. शेवटी काशीबाई सुकी मासळी घेऊन फोंडाघाटच्या बाजाराला जाऊ लागली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. शाळेतही एकदोघांचे पालक आले होते. मास्तरांनी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं समजावलं आणि सुगंधाला पुन्हा पहिल्या बाकावर बसवलं. ती डाव्या हाताने लिहायला शिकली. अक्षर सुरुवातीला फार वाईट होतं, मी पाहिलंय.

मग माझे दिवस संपले. कार्मेलिना मुंबईला नर्सिंग शिकायला गेली, मास्तरांना मोतीबिंदू झाला. माझी पेटी कपाटावर गेली आणि कित्येक पावसाळे उघडली नाही. बंद पेटीत ओल शिरली आणि माझ्या भिंगांवर बुरशीचं जाळं धरलं. दुखत असतं तर मी ओरडलो असतो. दुखलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

मला बाहेर काढलं ते सुगंधाने, गेल्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये. ती आता लहान मुलांच्या शिकवण्या घेते. दोन भिंगं पुसून निघाली, तिसऱ्यात कायमचं धुकं आहे. मुलं माझ्याभोवती पूर्वीसारखीच ढकलाढकली करतात. पण आधी ती त्यांना खिडकीत ओळीने उभं करते आणि स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरते. तळवा, बोटांच्या फटी, नखांच्या कडा. कुठे कापलंय, कुठे भाजलंय, ते डोळ्यांनी शोधते, कारण कातडं तिला सांगत नाही. मुलंही मग आपापले हात धरून बघतात. माका काय लागला नाय, असं एखादं चटकन म्हणतं. ती म्हणते, "तरी बघ."

मित्रांनो, दुखणारी गोष्ट तुम्हांला झोपू देत नाही, तिच्याकडे तुम्ही बघताच. माझं मागणं न दुखणाऱ्यांसाठी आहे. घरात, वर्गात, तुमच्या अंगावरसुद्धा कुणी किंवा काही असं असतं की ते काहीच म्हणत नाही. सगळे त्याला शाबास म्हणतात आणि शिंगाळे त्याच्यापुढे सारतात. त्याचा हात आज उलटा करून बघा. त्यासाठी दुर्बीण लागत नाही.