कान पास, यंत्र नापास

डॉक्टरीणबाईचं डोकं पार चक्रावलं होतं. अजून पुरती डॉक्टर कुठली म्हणा, शिकाऊच; पण कापडाच्या कारखान्यात कामगारांच्या तपासणीला आल्यापासून सगळे तिला डॉक्टरीणबाईच म्हणत होते. आणि आता खुर्चीत साक्षात तिचा मामा! ज्याच्या घरी ती लहानाची मोठी झाली, तोच.

तिनं त्याच्या कानांना यंत्र लावलं, बटण दाबलं. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा, एवढंच. मामा ढिम्म. शिट्टी मोठी केली, तरी ढिम्म. यंत्राचं म्हणणं, हा माणूस जवळजवळ बहिरा. आणि यंत्र काढलं की तोच माणूस घडाघडा बोलतोय!

"मामी बरी आहे ना?"

"बरी कसली, माझ्या नावानं खडे फोडतेय. म्हणते, मी मुद्दाम ऐकत नाही."

आता बोला! तिनं यंत्र स्वतःच्या कानांना लावलं, तर शिट्टी स्वच्छ ऐकू आली. मामाला बाजूला बसवून कापड विणायच्या मागावरचे आणखी दोघे तपासले, त्यांचंही तेच. नाटक करतायत म्हणावं, तर कशासाठी? नापास झालेल्याला मागावरून उचलून गोदामात टाकतात, पगारही घटतो. यांनी तर पास व्हायला धडपडायला हवं.

ती मोठ्या डॉक्टरांना विचारायला गेली. ते चहा पीत होते.

"बोललेलं कळतं ना? मग कान ठणठणीत. यंत्रच जुनं झालंय. पास करून टाक, उगाच डोक्याला ताप नको."

सगळी पुस्तकं कोळून प्यायलेली ही पोरगी, आणि तिला एवढंसं कोडं सुटेना. तिला स्वतःचाच राग आला. त्यात परतताना नाकात सुताची धूळ गेली आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. तिनं नाकातोंडाला रुमाल बांधला.

"मामा, पुन्हा एकदा बघू या."

मामा नुसता बघत राहिला.

"मामा, थट्टा पुरे हं!"

तो बावरून रुमालाकडे बघत होता. तिनं रुमाल खाली ओढला.

"तू माझे ओठ बघून बोलतोस?"

"मग! मागांच्या त्या खडखडाटात ऐकू काय येणार, कपाळ? आम्ही सगळेच तोंडं बघून बोलतो. त्यात काय एवढं?"

अरे देवा! कान तपासताना मागे उभं राहून, तोंड दिसू न देता कुजबुजायचं, हे तिला शिकवलेलं. परीक्षेत तिनं ते झोकात लिहिलंही होतं. आणि सकाळपासून बाईसाहेब एकेकाच्या समोर बसून गप्पा हाणत होत्या.

"नापास करतेय तुला," ती म्हणाली.

"खबरदार! माग सोडून गोदामात खोकी उचलू?"

"अरे, त्या खडखडाटात उरलंसुरलंही जाईल!"

"जाऊ दे! माझे कान आहेत!"

तिनं तरीही नापास लिहिलं. त्याचे कान वाचवले की त्याच्या पोटावर पाय दिला, तिचं तिलाच कळेना. रडू तेवढं यायला लागलं.

मामा तणतणत दारापर्यंत गेला आणि वळला. राग ओसरला होता.

"चिमणे, खरं सांगू? काहीतरी गुरगुरतं, पण शब्द असा येत नाही." तो जरा घुटमळला. "लहानपणी तुझा आवाज चिरका होता. आता कसा झालाय गं?"

तिनं सांगायला तोंड उघडलं. मामा तिच्या ओठांकडे बघत उभा होता.