एरंडेलाची पट्टी

योलिमा पेर्दोमो आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात एरंडेलापासून पॉलियुरेथेन बनवते. गादीतला फोम असतो ना, त्याच कुळातलं. फक्त हे जखमेवर लावायचं. बरीच वर्षं ते काही जमेना. पट्टी मऊ व्हायची, हवी तशी ताणायची, पण तिच्यावर सोडलेल्या जिवंत पेशी मरून जायच्या. पाण्याशी वैर असलेला पदार्थ, त्याच्यावर कोण टिकणार? शेवटी योलिमाने कोळंबीच्या टरफलांतून काढलेलं कायटोसान त्या पट्टीच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंधांनी जोडलं, आणि पेशी तिथे सुखाने नांदायला लागल्या.

तिच्या आईला याचं काडीचं कौतुक नव्हतं. आईला, म्हणजे एर्सिलियाबाईंना, सगळे आदराने दोन्या एर्सिलिया म्हणत. त्यांना लहानपणी नाक दाबून एरंडेल पाजलेलं. नुसतं नाव काढलं तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. मधुमेहामुळे त्यांच्या घोट्यावरची जखम भरत नव्हती. त्या तीत किसलेला गूळ भरायच्या. योलिमा ओरडली की म्हणायच्या, मधुमेह तोंडाने खाल्लेल्या गुळाने वाढतो, पायाने खाल्लेल्या नाही. आणि मुलीच्या पट्टीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं: "जे माझ्या पोटात टिकलं नाही, ते पायावर काय टिकणार?"

मग एकदा शेजारीण ओतिलिया त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथले डॉक्टर किहानो योलिमाच्याच पट्टीची चाचणी घेत होते. संशोधकांच्या नातेवाइकांना त्यात घ्यायचं नाही, असा नियम होता. पण आमच्याकडे लग्नानंतरही बायकांचं आडनाव बदलत नाही. आईचं आडनाव मांतिया, मुलीचं बापाकडून आलेलं पेर्दोमो, तेव्हा कोणाला शंका येणार? डॉक्टरांनी तेल, कोळंबी, सगळं नीट समजावून सांगितलं. 'पॉलियुरेथेन' हा शब्द कानावर पडला आणि दोन्या एर्सिलिया इतक्या खूश झाल्या, की पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही. सही करून मोकळ्या झाल्या.

रविवारी योलिमा जेवायला गेली, तर आई स्टुलावर पाय ठेवून बसलेली.

"पॉलियुरेथेन म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "परदेशातून येतं. बघ, शीक जरा."

पट्टीची पिवळसर छटा योलिमाने लगेच ओळखली. पुढे ती मला म्हणाली, हसावं की त्या पायाला मिठी मारावी, ते कळेना. तिने फक्त आणखी थोडं सूप मागून घेतलं.

सोमवारी मात्र ती चाचणीच्या नीतिसमितीकडे हे नातं सांगायला निघाली. या संशोधनात मीही तिच्याबरोबर होतो; मी अडवून पाहिलं. जखम भरतेय, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं बरंच काही सांगितलं. "माझ्या लक्षात आलंय ना," ती म्हणाली आणि गेली. समितीने पुष्कळ खल केला. उपचार चालू ठेवावेत, पण ही रुग्ण मोजणीत धरू नये, असा निर्णय झाला.

चाचणी संपली तेव्हा दोन्या एर्सिलियांसारखी स्वच्छ भरलेली जखम दुसऱ्या कुणाचीच नव्हती. आमच्या शोधनिबंधात 'मध्यम सुधारणा' असं छापून आलं. त्यांच्या वाट्याला एवढंच वाक्य आलं, की एक रुग्ण वगळण्यात आली.

त्यानंतर योलिमाने आईला खरं काय ते सांगितलं. मी तेव्हा तिथेच होतो. म्हातारीने घोट्यावरच्या नव्या, गुलाबी कातडीवरून बोट फिरवलं.

"एरंडेल?"

"हो, आई."

"तरीच इतका वेळ लागला."

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "एखादी पट्टी उरलीय का गं? ओतिलियाचाही पाय चिघळलाय. पण तिला कशाची आहे ते सांगू नकोस. परदेशातली म्हण."