जावईबापूंना न दिसणारं बिल

जावयाचा मान मोठा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सासूच्या दुकानात काम करून बघावं. मान मिळतो, भरपूर मिळतो. त्याच्यापुढे काही मिळत नाही.

सासूबाईंचं दुकान कुलुपांचं. पुढच्या खोलीत भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, काउंटरवर किल्ली कापायचं यंत्र आणि त्याच्याभोवती पितळेचा कीस. तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चपलांना लागून घरी जायचा. मागच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि जावईबापू. हल्ली वसतिगृहांना, दवाखान्यांना कार्डाने उघडणारी कुलपं लागतात. कुठलं कार्ड कुठलं दार उघडेल याची नोंद क्लाउडवर असते, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर, आणि त्या भाड्याचं बिल दर महिन्याला येतं. हा सगळा कारभार जावईबापूंकडे होता. सासूबाईंनी स्वतःच त्यांना बोलावून घेतलं होतं आणि त्यालाही आता वर्ष होत आलं होतं.

या वर्षभरात सासूबाई त्यांना एक शब्दही वाकडा बोलल्या नव्हत्या, आणि जावईबापूंचं दुखणं तेच होतं. कारण सासूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. मामा, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, दुकानात किल्ल्या कापायचे आणि दिवसभर बहिणीची बोलणी खायचे. "ही खाच करवतीने कापलीस की दाताने?" मामा हसत दुसरी किल्ली घ्यायचे. कामगाराला बोलणी, गिऱ्हाइकाला बोलणी, फोनवर पोटच्या मुलीला बोलणी. जावईबापू दिसले की मात्र आवाजात साखर. "अहो, तुम्ही कशाला उचलता? बसा, बसा." एकदा त्यांनी एका दवाखान्याचं कुलूप चक्क उलटं बसवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे, वेगळं दिसतंय." आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप मामांना पाठवून ते सुलटं करून घेतलं. मामांनीच हे सांगितलं, तेव्हा जावईबापूंना जेवण गोड लागलं नाही. ज्याला आपलं मानतात त्याच्यावर बाई ओरडतात, आणि आपण पाहुणे ते पाहुणेच, असं त्यांच्या मनाने घेतलं.

अशातच एका मोठ्या रुग्णालयाने दर मागवले. दर दारामागे महिन्याला किती घ्याल, शनिवारपर्यंत कळवा. आता दर सांगायचा तर आपल्याला क्लाउडचा खर्च किती येतो ते कळायला हवं. जावईबापूंनी बिलाचं पान उघडलं. पडद्यावर वाक्य आलं: हे पान पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.

त्यांना आधी हसूच आलं. इतरांना परवानग्या द्यायचे तेच, आणि त्यांनाच परवानगी नाही! त्यांनी स्वतःच्या नावावर बिल पाहण्याचा अधिकार चढवला, बाहेर पडले, परत आत आले. परवानगी नाही. अधिकार काढून पुन्हा दिला. दुसऱ्या संगणकावरून पाहिलं. नाही म्हणजे नाही. शेवटी त्यांनी मदतीची पानं वाचायला घेतली आणि तिथे गोम सापडली. ज्याच्या नावाने खातं उघडलेलं असतं तो मूळ मालक. त्याने स्वतः आत येऊन, बाकीच्यांना बिल दिसू दे, असं एक बटण चालू करावं लागतं. ते होईपर्यंत दुसऱ्या कुणाला कितीही अधिकार द्या, बिल काही दिसत नाही.

मूळ मालक अर्थात सासूबाई. ज्या माणसाने पहिल्यांदा ही यंत्रणा बसवून दिली, त्याने खातं त्यांच्याच नावाने उघडलं होतं. जावईबापू निर्धास्तपणे पुढच्या खोलीत गेले. मिनिटाभराचं तर काम.

"बिल?" सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्हाला कशाला हवंय बिल?"

"रुग्णालयाला दर कळवायचाय, आई."

"मग मी आकडा सांगते की. महिन्याचा एकूण."

"एकूण नको. कशाकशाचे किती लागतात ते वेगवेगळं दिसायला हवं. तुम्ही फक्त आत येऊन एक बटण—"

"अहो, त्या भानगडीत तुम्ही कशाला पडता? चहा घेतलात का? अरे, यांना चहा सांग रे!"

मामांनी मान खाली घालून यंत्र सुरू केलं, आणि त्या करकरीत पुढचं बोलणं बुडालं. दुपारी जावईबापूंनी परत विषय काढला तर सासूबाईंना नेमकं गोदामात काम निघालं. संध्याकाळी विचारलं तर त्यांचं डोकं दुखत होतं. त्या बाईंचं डोकं आजवर कुणी दुखलेलं पाहिलं नव्हतं.

"ढब्बू," घरी आल्यावर जावईबापू बायकोला म्हणाले. दोघंच असताना ते तिला याच नावाने हाक मारायचे, आणि का ते आपण विचारू नये. "तुझ्या आईचा माझ्यावर विश्वास नाही."

ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. ऐकून घ्यायची तिला सवय होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझ्या आईचा विश्वास नसेल तर ती तोंडावर सांगते."

"मला त्या तोंडावर काही सांगतच नाहीत, हेच तर माझं रडगाणं आहे!"

"मग तूच विचार ना सरळ."

जावईबापूंच्या जुन्या कंपनीचे साहेब त्यांना परत बोलावत होते, अजून उत्तर दिलं नव्हतं. दुकान त्यांना मनापासून आवडायचं, अगदी पितळेच्या किसासकट. पण ज्या घरात आपल्याला खुर्ची मिळते आणि कपाट उघडू देत नाहीत, तिथे किती दिवस बसायचं? उद्या विचारायचं आणि उत्तर आडवळणाचं आलं तर जुन्या कंपनीला हो म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ते काउंटरसमोर उभे राहिले. "आई, तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा. मला राग येणार नाही. मी जुन्या नोकरीवर परत जाईन."

मामांचं यंत्र थांबलं.

"अगं बाई!" सासूबाईंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर आदळला. "विश्वास नाही असं कोण म्हणालं?"

"मग बिल का दाखवत नाही?"

सासूबाईंनी मामांकडे पाहिलं, मामांनी छताकडे पाहिलं. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, खुर्ची ओढून संगणकापुढे बसल्या आणि मूळ खात्यात शिरल्या. फोनवर आलेला सांकेतिक आकडा त्यांनी एकेका बोटाने भरला. जावईबापूंनी सांगितलं त्या पानावर ते बटण होतं. बंद होतं.

"हे मी बंद केलेलं नाही हं," त्या घाईने म्हणाल्या.

"नाहीच केलेलं. ते मुळातच बंद असतं. पण तुम्ही चालू का करत नव्हता?"

सासूबाईंनी बटण चालू केलं आणि त्या उठल्या. "बघा आता. मी जरा बाहेर थांबते."

"थांबा ना इथेच."

त्या दाराशी थांबल्या, पण तोंड भिंतीकडे करून. जावईबापू स्वतःच्या नावाने आत शिरले. बिल उघडलं. कार्डांच्या नोंदी, त्यांचं थोडंसं भाडं, साठवणुकीचं त्याहून थोडं. आणि त्यांच्याखाली बाकी सगळ्यांना पुरून उरेल असा एक आकडा, एकाच यंत्राचा. यंत्राचं नाव: ढब्बू-१.

जावईबापूंची कानशिलं तापली. दुकानात आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी चाचणीसाठी क्लाउडवरचं एक दांडगं यंत्र भाड्याने घेतलं होतं, एका दिवसापुरतं. नंतर ते यादीत दिसेना, तेव्हा चालूच झालं नसेल असं समजून त्यांनी दुसरं घेतलं. प्रत्यक्षात पहिलं यंत्र चुकून दुसऱ्याच देशातल्या विभागात सुरू झालं होतं, आणि यादीत जो विभाग उघडलेला असतो तिथलीच यंत्रं दिसतात. तेव्हापासून ढब्बू तिकडे एकटी, काही काम न करता, भाडं खात बसली होती. मागचे महिने उघडून पाहिले. प्रत्येक महिन्यात ढब्बू.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला आधी वाटलं, असेल काहीतरी महत्त्वाचं," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "मग त्या यंत्रणा बसवणाऱ्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हे नुसतंच चालू आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? जावयाला काय म्हणायचं, तुम्ही वर्षभर पैसे पाण्यात घातलेत? आणि नाव तरी काय ठेवलंत! ही ढब्बू कोण म्हणून मी आधी घाबरलेच. मग एकदा तुम्हाला माझ्या लेकीला फोनवर तीच हाक मारताना ऐकलं." त्यांनी पदराने तोंड झाकलं, त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळेना. "तुम्हाला बिल दाखवलं असतं तर तुम्हाला किती लाज वाटली असती. म्हणून टाळत होते."

म्हणजे जे दार आपल्याला बाहेर ठेवायला लावलंय असं जावईबापूंना वाटत होतं, ते त्यांची अब्रू झाकायला लोटून घेतलेलं होतं. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं, दोन्ही एकदम. त्यांनी तो दूरचा विभाग उघडला आणि ढब्बूला कायमची बंद केली.

"आई, एक मागू? माझ्यावर ओरडा."

"काहीतरीच काय!"

"हेच मामांनी केलं असतं तर?"

"त्याला सोलून काढला असता."

"मग?"

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी पडद्यावरचा तो आकडा पाहिला, मागच्या महिन्याचा पाहिला, त्याच्या मागच्या महिन्याचा पाहिला. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येताना स्पष्ट दिसलं.

"अरे गाढवा!" भिंतीवरच्या किल्ल्या हलल्या म्हणे, पण ते मामा सांगतात. "चालू केलेलं बंद करायला कुणी शिकवलं नाही का तुला? डोकं आहे की खोकं? तेवढ्या पैशात किल्ल्या कापायची दोन यंत्रं आली असती नवी! आणि ते दवाखान्याचं कुलूप! उलटं! लहान पोराला कळतं कुठली बाजू वर ती! माणसं वाकून वाकून कार्ड लावत होती! आणि माझ्या चांगल्या सडपातळ मुलीला ढब्बू म्हणतोस?"

बराच वेळ चाललं. मध्येच मामांनी दारातून डोकं आत घातलं. "आलास बाबा, आलास एकदाचा घरात," ते म्हणाले, आणि बहिणीने त्यांनाही त्यातच धुऊन काढलं.

दुपारपर्यंत दर निघाला. ढब्बूला वगळल्यावर तो इतका कमी आला की जावयाने दोनदा हिशेब तपासला, आणि तरीही सासूबाईंनी तिसऱ्यांदा तपासायला लावला. रुग्णालयाला कळवून झालं. जुन्या कंपनीच्या साहेबांनाही त्याने उत्तर कळवलं: आभारी आहे, जमणार नाही, इथे काम फार आहे.

संध्याकाळी तिघं बाहेर पडले. मामा शटर खाली ओढणार इतक्यात सासूबाई मागे वळल्या.

"मागच्या खोलीतला दिवा बंद केलास का रे? का तोही वर्षभर जळत ठेवणार आहेस?"

दिवा त्याने आधीच बंद केला होता. तरी तो शटरखालून वाकून परत आत गेला, अंधारात चाचपडत बटण एकदा चालू केलं, एकदा बंद केलं, आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "केला, आई!"