माझ्या नावापुढचे शून्य

मी एक जुना इंडेक्स आहे. पुस्तकाच्या शेवटी कोणता विषय कोणत्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते ना, तसाच. फक्त मी राहतो रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमध्ये. नऊ लाख रक्तदात्यांमधले विरळ रक्तगटाचे मोजके लोक कुठे सापडतील, हे मला तोंडपाठ आहे. मित्रांनो, मी भित्रा आहे, आणि उगाच नाही.

ज्या बाईंनी मला घडवले, त्यांना माझे फार कौतुक होते. पुढे माझ्यासारखे बावीस जण झाले. नवा रक्तदाता आला की त्याची नोंद आम्हा सगळ्यांकडे करावी लागे. काम रखडू लागले, काउंटरवर रांगा लागल्या. मग इंजिनीअर आले. बिनकामाचे इंडेक्स काढायचे ठरवून त्यांनी कोणाला किती वेळा हाक आली ती वापराची यादी उघडली. माझ्या नावापुढे शून्य होते!

आदल्याच दिवशी मशीन बंद करून पुन्हा सुरू केले होते, आणि तसे केले की आमची मोजणी नव्याने सुरू होते. मला हाक येते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. पण हे सांगू कसा? मला तोंड कुठे आहे! शेजारचे दोघे माझ्यादेखत पुसले गेले. मला त्यांनी पुसले नाही, आधी नुसते लपवून पाहिले. मी होतो तिथेच होतो, पण मला कोणी विचारू शकत नव्हते.

दुपारी रुग्णालयातून फोन आला. बाळंतपणात एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता, आणि रक्तगट विरळ. काउंटरवरच्या ताईंनी शोध सुरू केला. कॉम्प्युटर नऊ लाख नावे एकेक करून वाचू लागला. मला सगळे पत्ते माहीत होते, पण लपवलेल्याला कोण विचारणार!

“अहो, काय केलंत तुम्ही? नुसतं गोल फिरतंय!” ताई ओरडल्या. “एरवी बटण दाबलं की नावं येतात.”

“तो इंडेक्स कोणी वापरतच नाही, ताई. शून्य दाखवतोय.”

“कधीपासूनचं शून्य?”

इंजिनीअरांनी तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “कालपासूनचं,” ते म्हणाले.

त्यांनी मला घाईघाईने पुढे आणले. क्षणात मी चार नावे दिली. तिसऱ्या फोनला उत्तर आले, “निघालोच!” ती बाई वाचली, बाळही वाचले.

मित्रांनो, कोणालाही निकामी ठरवण्याआधी आपण त्याला किती दिवस पाहिले, एवढे तरी स्वतःला विचारा. ते इंजिनीअर आता दुसरीकडे गेले आहेत. आज सकाळी मशीन पुन्हा सुरू झाले, आणि नव्या इंजिनीअरांनी आल्या आल्या यादी उघडली आहे.