पातेल्यावर बांधलेला फेटा

शोभायात्रेत चाळीस पुरुष फेटे घालतात आणि गजेंद्रकाकाला एका डोक्याला अकरा मिनिटे लागतात. म्हणजे सात तास वीस मिनिटे. हे गणित समितीचा सचिव दिग्विजय याने केले आणि यंदाच्या पाडव्यासाठी तयार फेटे मागवले, मागे इलॅस्टिक असलेले.

काका चिडला नाही. बैठकीत त्याने एवढेच जाहीर केले, की तो हाताने बांधलेला फेटा घालूनच सर्वांत पुढे चालेल. यात्रेच्या सबंध वाटेवर, दांडिया बाजारापासून खंडेराव मार्केटपर्यंत, फेटा टिकला, तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे फेटे पुन्हा त्याच्याकडे. वाटेत पडला, तर तो स्वतःही इलॅस्टिकवाला घालेल आणि बांधणे कायमचे सोडेल. चौतीस वर्षे तो हे काम करत होता. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर तेवढेच उरले होते.

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. त्याचा उजवा हात हल्ली खांद्याच्या वर जात नाही. समोर बसलेल्याला तो बांधू शकतो, स्वतःला नाही, आणि दुसऱ्याकडून बांधून घेण्यापेक्षा तो बोडका चालला असता. म्हणून पाडव्याच्या सकाळी त्याने दुधाचे पातेले पालथे घालून त्यावर फेटा बांधला. पातेल्याचा घेर मीच मोजून दिला: सत्तावन्न सेंटिमीटर, बरोबर काकाच्या डोक्याएवढा. पातेले गोल असते आणि डोके लांबट, हे एम.एस्सी. झालेल्या पुतणीला सुचायला हवे होते.

फेटा कपाळावर घट्ट बसला, कानांवर सैल. प्रत्येक पावलाला तो डुले, म्हणून काका मान ताठ ठेवून चालू लागला. मागे लेझीम, नऊवारीतल्या मुली, स्पोर्ट्स शूज घातलेले मावळे आणि तीन झाशीच्या राण्या, त्यांतली एक गॉगल लावलेली. कडेचे गुजराती दुकानदार ‘काका, साल मुबारक’ म्हणत. एरवी कमरेत वाकून नमस्कार करणारा काका नुसत्या पापण्या मिटे. पुढे चालायला मिळाले की माणसाला चढतेच, असे कोणीतरी म्हणालेही.

अर्ध्या वाटेवर ओट्यावर स्नेहलताबाई बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, काकाला पाचवीत गणित शिकवलेल्या. काका दरवर्षी त्यांच्या पाया पडतो. यंदा लांबूनच हात जोड, असे मी मागून कुजबुजले. काका थांबला. मग वाकला.

फेटा थेट बाईंच्या मांडीवर पडला.

लेझीम बंद झाले. बाईंनी फेटा उलटून आत पाहिले, मग काकाच्या डोक्याकडे.

“गजेंद्र, हा कशावर बांधलास?”

“पातेल्यावर, बाई.” आवाज पाचवीतलाच होता. “हात वर जात नाही आता.”

दिग्विजय शेजारीच उभा होता. डोक्यावरचा तयार फेटा काढून त्याने काकाला दिला आणि काकाने तो निमूटपणे घातला. बाईंना मात्र पैजेशी देणेघेणे नव्हते. पाडव्याच्या दिवशी आपल्या दारात फेटा पडलेला चालणार नाही, तो सोडून आत्ताच नीट बांध, असे त्यांनी बजावले. आता डोके हवे होते. बोडका एकटा दिग्विजयच होता. तो पायरीवर बसला.

सगळी यात्रा खोळंबली. राणीने नीट दिसावे म्हणून गॉगल काढला.

“काका, घट्ट होतोय.”

“घट्ट नाही, बरोबर होतोय. तुला सवय नाही.”

खंडेराव मार्केटपर्यंत तो फेटा तसूभर हलला नाही. काका इलॅस्टिक ओढत शेजारून चालला. तिथे पोचल्यावर आपण हरलो, आता बांधणे बंद, असे त्यानेच सांगून टाकले.

दिग्विजय एका मोटरसायकलच्या आरशात फेटा पाहायला वाकला होता. “हरलात हे खरं,” तो म्हणाला. “पण शिकवण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.”

“रविवारी ये,” काका म्हणाला. “आणि एकटा येऊ नकोस. बांधायला डोकी लागतात.”

दिग्विजयने तिथल्या तिथे चौघांना विचारले. तिघे लगेच हो म्हणाले. चौथ्याने आधी नाश्त्याला काय असेल ते विचारले.