जड तो पुढे

बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वैमानिकाचं लायसन काढून दर रविवारी मुलांना चार आसनी विमानातून फुकट फिरवायला लागल्या. विमान फ्लाइंग क्लबचं होतं, तिखट जीभ मात्र त्यांची स्वतःची. उडण्याआधी त्या प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करत. लोक आपलं वजन खरं लिहितात यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी शेवटी एक आई दोन मुलांना घेऊन आली. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी पंधराची. मुलगी चांगली दणकट, पण अंग चोरून उभी. फॉर्मवर आईने तिचं वजन लिहिलं होतं पन्नास.

"पन्नास?" भाऊ फिसकन हसला.

"तू तोंड मिट," बाई म्हणाल्या.

पन्नास नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंना राग आला, पण तो मुलीचा नव्हता. आकडा खोटा तर गणित खोटं, आणि खोट्या गणितावर त्या जमीन सोडत नसत.

"काट्यावर चढावं लागेल," त्यांनी मुलीला सांगितलं. "नाहीतर विमान हलणार नाही."

"मग मला नाही जायचं," मुलगी म्हणाली. नजर मात्र विमानावरून हटेना.

आईने बाईंना बाजूला घेतलं. "महिनाभर घरात दुसरा विषय नाही हिचा. पण वर्गात चिडवतात हो तिला. चारचौघांत आकडा कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माणसांपासून झाका हवी तर. विमान फसत नाही."

बाई स्वतःच काट्यावर चढल्या. "ब्याऐंशी," त्यांनी वर्गातल्या आवाजात वाचलं आणि फळ्यावर लिहिलं. मग भावाला चढवलं. "एकोणचाळीस. तू मागे."

"मागे का? पुढच्यालाच चालवायला मिळतं ना?"

"मिळतं. पण इथे जड तो पुढे. शेपटीकडे भार झाला की विमान नाक वर काढतं, मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही." खडू हातात धरून बाई मुलीकडे वळल्या. "माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. आकड्याशिवाय ती मी कुणाला देत नाही."

पोरगी हलेना. ही अशीच घरी गेली तर पुन्हा कशावरच चढायची नाही, हे बाईंना कळत होतं. तरी त्यांनी खडू खाली ठेवला नाही.

मुलीने बूट काढले. काट्यावर चढली, वाकून बघितलं.

"अडुसष्ट," ती म्हणाली. मग आईच्या हातातला फॉर्म घेऊन तिने पन्नासावर काट मारली आणि खाली खरा आकडा लिहिला. आई खालीच थांबली.

वर गेल्यावर, विमान सरळ झाल्यावर, बाईंनी आपल्या सुकाणूवरचे हात मांडीवर घेतले. "तुझ्या पुढचं धर. आवळू नकोस, नुसतं धर."

डावा पंख थोडा कलला. मुलीने तो हळूच सावरला. बाईंनी हात मांडीवरच ठेवले.

"बाई, डुलतंय," मागून भाऊ म्हणाला. "तुम्ही चालवा ना."

"मी कुठे चालवतेय? ताईला सांग."



"ताई?" भाऊ म्हणाला, अगदी अदबीने.

"अडुसष्ट किलो बसलेत पुढे," ती मान न वळवता म्हणाली. "तू निवांत खिडकीतून बघ."