ठकीच्या उंचीचं बेसिन

आमच्या चिरंजिवांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. त्यामुळे वर चढणं म्हणजे प्रगती, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. माझ्या नातीसाठी, ठकीसाठी, त्यांनी जी बालवाडी हेरली, ती गावातली सगळ्यात महागडी आणि संध्याकाळपर्यंत चालणारी होती. महाग आहे म्हणजे काहीतरी असणारच, असा त्यांचा साधा हिशेब.

ठकी साडेतीन वर्षांची. तिची आई, म्हणजे आमची सूनबाई, कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नानंतर घट्ट झालेले ब्लाउज सैल करणं, असली कामं. दुपारी ती शटर अर्धं खाली ओढते. मग मायलेकी जेवतात आणि ठकी कापायच्या टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन बसते. सूनबाई काज करता करता तिच्याशी गप्पा मारते. दिवसभरात दोघींना निवांत मिळणारा वेळ तेवढाच.

बालवाडीची फी भरायची तर दुपारीही शटर वर ठेवावं लागणार होतं, शिवाय संध्याकाळी एका हॉटेलच्या गणवेशांचं काम घ्यावं लागणार होतं. सूनबाई घरी येईल तेव्हा ठकी झोपलेली असणार. हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सूनबाई फक्त गणवेशांच्या कापडाचा नमुना हातात घेऊन उलटसुलट करत बसायची.

बालवाडीने ठकीला तासाभरासाठी बोलावलं. निरोपात बजावलं होतं, ‘मुलांची कोणतीही तयारी करून घेऊ नये. आम्हाला मूल मोकळेपणाने खेळताना पाहायचं आहे.’

चिरंजीव हे वाचून घाबरले. “बाबा, बघा! तयारी केलेली दिसता कामा नये. म्हणजे किती तयारी लागेल!”

“मग करूच नकोस.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला? बाकीच्यांनी केलेली असणार. तुम्ही उभा जन्म पहिलीचा वर्ग सांभाळलात. हिला जरा मोकळेपणाने खेळायला शिकवा.”

मला मुलांना शिकवायला आवडतं. निवृत्तीनंतर तर कुणी नुसतं विचारलं तरी मी बाह्या सरसावतो. पण आजवर मी मुलांना खेळ थांबवायला शिकवलं होतं, सुरू करायला कधी शिकवावं लागलं नव्हतं. तरी बसलो. ठकीसमोर ठोकळे ठेवले. चिरंजीव दारातून सूचना देत होते. “एकाच ठोकळ्याशी नको ग, सगळे घे! आबांकडे बघू नकोस! हस की जरा!”

ठकीने निमूटपणे मनोरा रचला आणि विचारलं, “आबा, झालं का मोकळं खेळून? आता मी खेळू?”

सूनबाई स्वयंपाकघरात खुदकन हसली. चिरंजीव म्हणाले, “हे तिथे बोलू नकोस हं, सोनू.”

ठरल्या दिवशी आम्ही चौघं गेलो. शाळा छान होती, खोटं कशाला बोलू? भिंतीवर फक्त मुलांनी काढलेली चित्रं. कपाटांना दारं नाहीत, त्यामुळे बोटं चेमटायची भीती नाही. माझ्या वर्गात साठ पोरं आणि एक खिडकी होती; मला हेवा वाटला. मुख्याध्यापिका मऊ आवाजाच्या, आणि मुलांशी बोलताना खरोखर गुडघ्यावर बसणाऱ्या.

त्या ठकीसमोर बसल्या. “इथे तुला हवं ते कर हं.”

ठकीने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मोकळं खेळू, की खरंच खेळू?”

चिरंजिवांचा चेहरा मधेच बंद पडलेल्या लिफ्टसारखा झाला. बाई मात्र खळखळून हसल्या. “खरंच खेळ.”

ठकीने ठोकळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात हात धुवायचं एक बुटकं बेसिन होतं, बरोबर तिच्या पोटापर्यंत येणारं. ती तिकडे गेली. स्वतः नळ सोडला, स्वतः बंद केला. पुन्हा सोडला. मग एकेक बाहुली आणून तिचे हात धुवायला लागली.

तिकडे बाई आम्हाला शाळेची पद्धत समजावू लागल्या. “आम्ही मुलांना खऱ्या कामाच्या जागीही नेतो. मुलांना खरं आयुष्य दिसायला हवं. सध्या एका शिवणकामाच्या दुकानाच्या शोधात आहोत. आमच्या एक शिक्षिका सांगत होत्या, बाजारामागच्या गल्लीत एक आहे म्हणे. दुपारी शटर अर्धं खाली असतं, आत आई शिवत असते आणि टेबलाखाली तिची छोटी मुलगी रंगांप्रमाणे बटणं लावत असते. दोघींच्या अखंड गप्पा. असं वातावरण आम्हाला कितीही खर्च केला तरी इथे उभं करता येत नाही हो.”

सूनबाई म्हणाली, “ते दुकान माझं.”

“अय्या! आणि ती मुलगी?”

आम्ही सगळ्यांनी बेसिनकडे पाहिलं. ठकी तिसऱ्या बाहुलीचे कान धूत होती.

बाई हरखल्या. “मग तर काही प्रश्नच नाही! हिचा प्रवेश नक्की. आणि दर बुधवारी दुपारी आम्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे येऊ.”

चिरंजीव खुर्चीतून अर्धे उठले, बहुधा पेढे आणायला. सूनबाई मात्र जागची हलली नाही. तिने शांतपणे विचारलं, “पण बाई, ठकी इथे आली की मला दुपारी दुकान उघडं ठेवावं लागेल. गिऱ्हाईक असेल, मशीन चालू असेल. टेबलाखाली कुणी नसेल. मग तुम्ही काय बघायला येणार?”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. हा मला त्यांचा मोठेपणा वाटला.

परतीच्या वाटेवर चिरंजीव बोटांवर काहीतरी हिशेब करत होते. मग म्हणाले, “म्हणजे आपण पैसे मोजून हिला इकडून तिकडे पाठवायचं, आणि ते हिला गाडीत घालून तिकडून इकडे आणणार.”

“दर बुधवारी,” सूनबाई म्हणाली.

“पण लोक काय म्हणतील? बापाने एवढंही केलं नाही?”

“लोकांचं सोडा. ठके, तुला काय आवडलं ग शाळेत?”

“नळ,” ठकी म्हणाली.

गणवेशांच्या कापडाचा नमुना दुसऱ्या दिवशी परत गेला. ठकी सकाळी कोपऱ्यावरच्या साध्या बालवाडीत जाते, दुपारी टेबलाखाली असते. रविवारी चिरंजीव हत्यारांची पेटी घेऊन दुकानात गेले. आयुष्यभर माणसांना वर नेणाऱ्या या गृहस्थाने तिथलं बेसिन चांगलं दोन वीत खाली आणलं.

आता ठकी ऐटीत हात धुते आणि आम्ही मोठी माणसं काटकोनात वाकतो. माझी कंबर रोज कुरकुरते. गेल्या बुधवारी त्या बाई आपली मुलं घेऊन आल्या. सूनबाईने शटर अर्धं खाली ओढलं होतं, आणि ठकी टेबलाखालून सगळ्यांना बटणं वाटत होती. जाताना बाईंनी वाकून हात धुतले आणि कौतुकाने विचारलं, “हे मुद्दाम करून घेतलंत?”

“अर्थात,” चिरंजीव छाती काढून म्हणाले. “आमची पद्धतच तशी आहे.”